आंगडें, टोपडें व कुंची : घरगुती शिवणकामाच्या इतिहासाचीं साधनें

(१)

शके १६९६ (इ. स. १७७४) मध्यें, एप्रिलच्या १८ तारखेस, पुरंदर किल्ल्यावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. पुढें २८ मे रोजीं, म्हणजे मूल अवघें चाळीस दिवसांचें असतां, सातारकर छत्रपति रामराजांकडून त्यास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. नारायणरावांचा वध, बारभाईंचें कारस्थान, गंगाबाईंस पुरंदरावर नेणें, या साऱ्या गोष्टींचा ऊहापोह इतिहासकारांनीं सविस्तर केलेला आहे व या वस्त्रांची तारीखहि ग्रंथांतून नमूद आहे. परंतु त्या चाळीस दिवसांच्या अर्भकाच्या अंगांत त्या दिवशीं जें आंगडें असेल तें कोणाच्या हातचें होतें, हा प्रश्न इतिहासाच्या ग्रंथांत सहसा उपस्थित होत नाहीं. राज्यपदाचीं वस्त्रें दरबाराचा विषय म्हणून कागदावर आलीं. आंगडें बाळंतिणीच्या खोलींतलें म्हणून कागदाबाहेर राहिलें.

हा प्रश्न क्षुल्लक आहे असें कोणास वाटल्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या समाजाचा इतिहास आपण लिहितों त्यांतील प्रत्येक मनुष्याच्या अंगावर पडलेलें पहिलें शिवलेलें वस्त्र हेंच होय. राजा असो वा कुणबी, त्याच्या आयुष्याचा आरंभ आईच्या, आजीच्या किंवा आत्याच्या हातच्या टांक्यांत झालेला असे. प्रस्तुत लेखांत आम्हांस इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, आपल्याकडील शिवणकामाची सर्वांत दीर्घ परंपरा शिंप्याच्या दुकानांत न शोधतां मुलांसाठीं शिवणाऱ्या स्त्रियांच्या हातांत शोधिली पाहिजे. या शोधाचीं साधनें तीन आहेत : ग्रंथ, शब्द आणि प्रत्यक्ष वस्त्रें. पहिलीं दोन सुरक्षित आहेत. तिसरें साधन आपल्या डोळ्यांदेखत नाहींसें होत आहे, म्हणून हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों.

(२)

प्रथम ग्रंथांचें साधन पाहूं. ऋग्वेदाच्या पांचव्या मंडलांतील सत्तेचाळिसाव्या सूक्तांत, मातांनीं पुत्रासाठीं वस्त्रें विणण्याचा उल्लेख आहे. तेथें संदर्भ देवतांचा आहे हें खरें. पण उपमा ही नेहमीं लोकांच्या नित्य पाहण्यांतील गोष्टीवरूनच घेतली जाते. आई मुलासाठीं वस्त्र सिद्ध करीत आहे, हें दृश्य ऋषीच्या श्रोत्यांस परिचित होतें, एवढें या उल्लेखावरून निश्चित म्हणतां येतें. याहून महत्त्वाचें स्थळ दुसऱ्या मंडलांतील बत्तिसाव्या सूक्तांत आहे. तेथें राका नामक देवतेची प्रार्थना केली आहे कीं, तिनें न तुटणाऱ्या सुईनें आपलें काम शिवावें व वीर पुत्र द्यावा. सुई, शिवण व अपत्य या तिन्ही गोष्टी एकाच ऋचेंत आलेल्या आहेत. राका ही पौर्णिमेची व प्रसवाशीं संबंध असलेली देवता आहे. शिवणकाम देवतेकडे सोंपविलें, आणि तेंहि स्त्रीदेवतेकडे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पाणिनीय धातुपाठांत शिवणें या अर्थाच्या धातूचा व विणणें या अर्थाच्या धातूचा अर्थ एकाच शब्दानें सांगितला आहे, तो म्हणजे तंतूंचा विस्तार करणें. वैयाकरणांच्या दृष्टीनें विणकाम आणि शिवणकाम हीं एकाच क्रियेचीं दोन रूपें होतीं. म्हणून शिवणकला परक्यांकडून आपल्याकडे आली, हें जें मत पुष्कळदां ऐकूं येतें तें मूळ क्रियेपुरतें तरी टिकत नाहीं.

पुढील वाङ्मयांत शिवणाऱ्या व्यावसायिकाचाहि उल्लेख येतो. अमरकोशांत त्यास तुन्नवाय व सौचिक अशीं नांवें आहेत, आणि चोल व कूर्पासक हीं शिवलेल्या कांचोळीचीं नांवेंहि त्याच कोशांत आहेत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत ज्यांचें अन्न ब्राह्मणानें वर्ज्य करावें अशांच्या यादींत तुन्नवायाची गणना केली आहे. सुश्रुतानें सूत्रस्थानांत जखम शिवण्याचे प्रकार सांगितले आहेत, त्यांत एकास तुन्नसेवनी असें नांव आहे. म्हणजे फाटलेलें वस्त्र सांधण्याची जी रीत, तीच वैद्यानें त्वचेसाठीं उचलली. बाणभट्टाच्या हर्षचरितांत राजेलोकांच्या अंगावर कंचुक, वारबाण, कूर्पासक वगैरे शिवलेलीं वस्त्रें दिसतात, आणि अजिंठ्याच्या पहिल्या व सतराव्या लेण्यांतील चित्रांत परदेशी पुरुषांच्या अंगांत अंगरखे व डोकीवर टोप्या आहेत. याप्रमाणें शिवलेल्या वस्त्राचा पुरावा सर्वत्र आहे. पण तो राजे, परके व सेवक यांच्याविषयींचा आहे. बाणानें बालहर्षाचें वर्णन केलें आहे त्यांत सोन्यांत मढविलेल्या वाघनखांची माळ आहे, जी आपल्याकडे मुलांच्या गळ्यांत आपल्या आजोबांच्या काळापर्यंत दिसत असे. कवींची दृष्टि मुलाच्या दागिन्यांवर जाते, कपड्यांवर क्वचित् जाते.

मुलाच्या कपड्यांचा विचार कवीपेक्षां वैद्यानें अधिक केला आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत, बालकाचें अंथरूण-पांघरूण मृदु, हलकें, शुचि व सुगंधी असावें. घामानें, मळानें व मूत्रानें दूषित झालेलें टाकून द्यावें. दुसरें मिळण्यासारखें नसेल तर तेंच नीट धुऊन, धुरी देऊन, वाळवून पुन्हा वापरावें, असें सांगितलें आहे. या उपदेशाचा शेवटचा भाग वाचतांना ग्रंथकाराच्या समोर गरीब घरहि होतें हें दिसून येतें. ज्या घरीं दुसरें वस्त्र नाहीं त्या घरासाठींहि शास्त्रानें विधि सांगितला. आपल्याकडे बाळाला व त्याच्या कपड्यांना ओवा, वावडिंग, धूप यांची धुरी देण्याची चाल आहे, तिचा संबंध या अध्यायाशीं लावण्यास हरकत नाहीं.

उत्खननाचा एक पुरावा येथें नमूद करितों. अहिल्यानगर जिल्ह्यांतील नेवासें येथें इ. स. १९५४ नंतर डॉ. हसमुख सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जीं उत्खननें केलीं त्यांत ताम्रपाषाण काळांतील एका बालकाच्या दफनांत तांब्याच्या मण्यांची माळ सांपडली. तांब्याच्या क्षारांमुळें मण्यांतील दोऱ्याचे अवशेष टिकून राहिले, आणि तपासणींत त्यांत कापूस व रेशीम यांचे तंतु आढळले. पुणें जिल्ह्यांतील चांडोली येथें अशाच मण्यांत जवसाच्या तंतूचा दोरा मिळाला. हे अवशेष सुमारें तीन हजार वर्षांहून जुने आहेत. नेवाशाचा तो दोरा शिवणाचा नसून ओंवण्याचा आहे, हें खरें. तथापि महाराष्ट्राच्या भूमींत जे अतिप्राचीन दोरे हातीं आले त्यांपैकीं एक मुलाच्या गळ्यांतला आहे, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीनें बोलकी आहे.

(३)

आतां शब्दांच्या साधनाकडे वळूं. शिवणकामाचे मराठी शब्द निवडून पाहिले असतां त्यांचे तीन थर पडतात. पहिल्या थरांत क्रिया व हत्यारें येतात : शिवणें (सीव्), सुई (सूची), कातरी (कर्तरी), दोरा (दोरक), कापड (कर्पट). स्वतः शिंपी हा शब्दहि शिल्पिन् या शब्दापासून आलेला आहे. दुसऱ्या थरांत दरबारी पोषाखाचे व कसबाचे शब्द येतात : जामा, पायजमा, अस्तर, नेफा, बखिया, कशिदा हे फारसी, व रफू हा अरबी. तिसरा थर पाश्चात्त्यांच्या आगमनानंतरचा आहे : काज, फीत व साया हे पोर्तुगीजांकडून आले, आणि बटणहि त्याच वाटेनें आलेल्या वस्तूंपैकीं आहे.

आतां मुलांच्या कपड्यांचीं नांवें पाहावीं. आंगडें हें अंगापासून, दुपटें हें द्विपट्टापासून, लाळेरें हें लाळेपासून, बाळोतें हें बाळापासून. मुलीची चोळी ही अमरकोशांतील चोलापासून. हे सारे शब्द पहिल्या थराच्या जातीचे आहेत. मोल्सवर्थच्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तींत (इ. स. १८५७) आंगडें व कुंची हे शब्द मुलाच्या वस्त्राच्या अर्थानेंच दिलेले आहेत. बापाच्या अंगांत जामा आला, कमरेस नेफ्याची इजार आली, नातवाच्या काळीं काज-बटणें आलीं. पण पाळण्यांतल्या मुलाचें आंगडें तें आंगडेंच राहिलें. याचें कारण आमच्या मतें सरळ आहे. पुरुषाचा पोषाख शिंप्याकडे शिवला जाई, आणि शिंप्याच्या गिऱ्हाइकांत सरदार, मुत्सद्दी, परदेशी असे नाना लोक असत. त्यांच्या रुचीबरोबर त्याचे शब्दहि बदलले. मुलाचें वस्त्र घरीं शिवलें जाई, म्हणून त्याचे शब्द घरांतलेच राहिले.

मापांविषयींहि असाच भेद दिसतो. श्रीनामदेव हे शिंपी कुळांतले. शिखांच्या आदिग्रंथांत, ज्याचें संकलन इ. स. १६०४ मध्यें झालें, त्यांचीं पदें आहेत. त्यांपैकीं आसा रागांतील एका पदांत मनाला गजाची व जिभेला कातरीची उपमा दिली आहे, आणि पुढें सोन्याची सुई व रुप्याचा दोरा आला आहे. गज हें फारसी माप. म्हणजे फार उशिरां धरलें तरी सतराव्या शतकाच्या आरंभापूर्वीं शिंप्याच्या हत्यारांत फारसी माप स्थिर झालें होतें. उलट घरांत शिवणारी बाई बोटें, वीत व हात यांनींच मापीत असे, आणि हीं मापें म्हणजे अंगुल, वितस्ति व हस्त हींच होत. शिंप्याचा गज सर्वांना एकच. आईची वीत मुलाच्या पाठीवर ठेवून घेतलेली.

(४)

येथें एक शंका येईल. आपल्याकडे वडील माणसें तर बहुतेक न शिवलेलींच वस्त्रें वापरीत. धोतर, उपरणें, लुगडें यांस सुई लागत नाहीं. मग मुलांसाठींच शिवण्याचें प्रयोजन काय? उत्तर मुलाच्या स्वभावांतच आहे. नेसलेलें वस्त्र सांवरावें लागतें, आणि तें सांवरण्याचें ज्ञान मुलास नसतें. हातपाय झाडणाऱ्या अर्भकाच्या अंगावर कापड ठरावयाचें तर तें शिवलेलें किंवा बांधलेलेंच पाहिजे. त्यामुळें ज्या घरीं मोठ्यांच्या अंगावर चोळीखेरीज शिवण नसे त्या घरींहि मुलांसाठीं सुई चालत असे.

गांवगाड्याची रचना याच अनुमानास पुष्टि देते. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, कुंभार हे बलुतेदार. त्यांच्यावांचून गांवाचें अडत असे. शिंप्याचें नांव बाराबलुत्यांत सहसा येत नाहीं. ग्रँट डफनें इ. स. १८२६ च्या आपल्या इतिहासांत जी यादी दिली आहे तींत शिंपी अलुतेदारांत, म्हणजे दुय्यम वर्गांत आहे. शेतकऱ्याच्या घरीं नित्याचें शिवण शिंप्यावांचून भागत होतें, असाच याचा अर्थ आम्ही करितों.

या घरगुती वस्त्रांचा बेत पाहिला म्हणजे तो किती विचारपूर्वक ठरला आहे हें कळतें. आंगड्यास बटण नसे, बंद असत; बटण अंगास रुपतें, तोंडांत जातें, आणि बंद मूल वाढेल तसा सैल करितां येतो. कुंचीस तर कापड कापावेंच लागत नाहीं. लांबट चौकोनी तुकडा मधोमध दुमडून डोक्याच्या मागील बाजूस एक शिवण घातली कीं टोपडें व पाठीवरील आच्छादन एकदम सिद्ध होतें. शिवण उसवली कीं तुकडा पुन्हा पहिल्यासारखा सबंध. दुपटें व गोधडी जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून धांवदोऱ्यानें शिवीत. नव्या जिवाला प्रथम जुनें कापड घालावें, ही चाल दृष्ट लागूं नये म्हणून आहे असें सांगतात; परंतु पुष्कळ धुण्यांनीं मऊ झालेल्या सुताइतकें बाळाच्या कातडीस दुसरें कांहीं मानवत नाहीं, हें तिचें खरें कारण असावें. बारशाचें आंगडें-टोपडें व कुंची, आप्तांकडून येणारा बाळंतविडा, संक्रांतीस बोरन्हाणाच्या वेळीं हलव्याच्या दागिन्यांखालीं घालावयाचें काळें झबलें, असे प्रसंगाप्रसंगाचे कपडे ठरलेले होते.

(५)

तिसरें साधन म्हणजे प्रत्यक्ष वस्त्रें. एका परिचित घराण्याचे जुने कागद पाहण्यासाठीं आम्ही गेलों असतां, ज्या पेटींत कागद होते तिच्याच तळाशीं एक कुंची मिळाली. ती फडक्यासारखी कागदांखालीं अंथरलेली होती. आम्ही ती बाहेर काढून उजेडांत पाहिली. वरचें कापड खणाचें, पण सबंध नव्हे. तीन निरनिराळ्या खणांचे तुकडे जोडून लांबी पुरी केलेली. आंतलें अस्तर जुन्या लुगड्याचें, धुऊन धुऊन विटलेलें. डोक्यामागची शिवण हातची, उलट्या टिपेची. त्या शिवणीच्या आंतल्या अंगास बोटभर अंतरावर सुईच्या छिद्रांच्या आणखी दोन ओळी होत्या. त्यांतला दोरा उसवून काढलेला होता. घरांतील वृद्ध आजींस त्या ओळी दाखविल्या तेव्हां त्यांनीं क्षणभरांत उलगडा केला. मूल लहान असतां शिवण आंत घेतात. डोकें वाढलें कीं ती उसवून बाहेर घालतात. पुढलें मूल झालें कीं पुन्हा आंत. सर्वांत आंतल्या ओळींतील छिद्रें एकांत एक मिसळून मोठीं झालेलीं होतीं, म्हणजे त्या जागीं एकाहून अधिक वेळां शिवण पडली होती. आजींच्या मतें त्या कुंचींत निदान तीन मुलें वाढलीं असावींत.

त्याच पेटींत घराण्याची वंशावळ होती. तींत सात पिढ्यांचे पुरुष ओळीनें लिहिलेले होते. दत्तक कोण, निपुत्रिक कोण, वृत्ति कोणाकडे गेली, सर्व नोंद होती. एकाहि स्त्रीचें नांव त्यांत नव्हतें. ज्या तीन मुलांचीं डोकीं त्या कुंचींत मावलीं त्यांचीं नांवें वंशावळींत असतील; जिनें ती शिवण तीन वेळां उसवून घातली तिच्या अस्तित्वाचा त्या पेटींतील लेख म्हणजे त्या छिद्रांच्या ओळी. जुनी लिपि वाचावयास जसा डोळा लागतो तसाच हा लेख वाचावयासहि लागतो. फरक इतकाच कीं, तो वाचतां येणाऱ्या व्यक्ति आपल्या घरांतच आहेत आणि त्यांस आपण कधीं विचारीत नाहीं.

(६)

या परंपरेंत पालट कसा झाला तेंहि थोडक्यांत सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत एलियस हौ यानें इ. स. १८४६ मध्यें व आयझॅक सिंगर यानें १८५१ मध्यें शिवणयंत्राचें स्वामित्वपत्र मिळविलें. पुढें तें यंत्र आपल्या देशांत आलें, व प्रथम शिंप्याच्या दुकानांत आणि मागाहून सुखवस्तु घरांत शिरलें. स्त्रीशिक्षणाच्या चळवळीनें शिवणास विद्येचें स्थान दिलें. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं इ. स. १९०९ मध्यें निघालेल्या पुण्याच्या सेवासदनांत शिवणकामाचे वर्ग चालत, आणि अनाथ व विधवा स्त्रियांस त्यामुळें स्वतःच्या कमाईचें साधन मिळालें. यंत्रांविषयीं कठोर असलेल्या महात्मा गांधींनीं इ. स. १९२४ मधील एका संभाषणांत शिवणयंत्रास अपवाद केला. हातानें शिवणाऱ्या आपल्या बायकोचे कष्ट पाहून सिंगरनें तें निर्मिलें, म्हणून त्याच्या मुळाशीं प्रेम आहे, असा त्यांचा आशय होता. यंत्रानें घरचें शिवण मोडलें असें म्हणतां येत नाहीं. कित्येक वर्षें त्यानें तें वाढविलें. आयांनीं मुलींसाठीं परकर-पोलकीं व झगे, मुलांसाठीं चड्ड्या व बंड्या याच यंत्रावर शिवल्या. घरचें शिवण मागें पडलें तें तयार कपड्यांच्या दुकानांमुळें. आज बारशाची कुंचीहि बाजारांत तयार मिळते.

यांत शोक करण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. रात्रीं दिव्याच्या उजेडांत डोळे फोडून शिवणें हें सुख होतें असें, ज्यांनीं तें केलें त्या कोणी आम्हांस सांगितलेलें नाहीं. पुष्कळ घरीं तें दारिद्र्यामुळें होतें, आणि ठिगळावर ठिगळ पडे तें हौसेनें नव्हे. परंतु जी गोष्ट संपत आली तिची नोंद करून ठेवणें हें इतिहासाचें कामच आहे. दिनकर केळकर यांनीं दिवे, अडकित्ते, भांडीं अशा घरगुती वस्तु आयुष्यभर जमवून, अकालीं निवर्तलेल्या आपल्या पुत्राच्या नांवें पुण्यांत राजा केळकर संग्रहालय उभें केलें. ज्या वस्तूंस त्या काळीं कोणी ऐतिहासिक म्हणत नव्हतें त्यांस त्यांनीं तें पद मिळवून दिलें. मुलांच्या वस्त्रांविषयीं असा प्रयत्न घरोघर होण्यासारखा आहे, आणि त्यास खर्च नाहीं.

म्हणून वाचकांस आमची विनंति अशी आहे. ज्यांच्या घरीं जुनें आंगडें, टोपडें, कुंची, दुपटें वा गोधडी असेल त्यांनीं तें फडक्यांत टाकूं नये. त्याची लांबी-रुंदी, कापडाचा प्रकार, तुकड्यांची संख्या, शिवणींची जात, उसवल्याच्या खुणा लिहून ठेवाव्यात. घडीच्या जागीं वस्त्र कुजतें, म्हणून मधून मधून घडी बदलावी. आणि कोणी शिवलें, कोणासाठीं शिवलें, त्यानंतर कोणाकोणाच्या अंगास लागलें, हें घरांतील वडील स्त्रियांस विचारून त्यांच्या नांवांसह टिपून ठेवावें. हें शेवटचें काम आधीं करावें. कापड आणखी पन्नास वर्षें टिकेल. सांगणाऱ्या आजी टिकणार नाहींत. अशीं टिपणें या त्रैमासिकाकडे आल्यास त्यांची संगति लावण्याचें काम आम्ही आनंदानें करूं.